आधी एकक, मग दशक

स्मरणिकेसाठी लेख द्या, असा निरोप आपल्या ग्रुपवर आला तेव्हा बहुतेकांनी सहली, स्नेहसंमेलनं आणि एस.टी.ची वाट बघत काढलेल्या संध्याकाळी आठवल्या असतील. मी मात्र एका मास्तरांविषयी लिहिणार आहे. त्यांनी आपल्याला शिकवलेलं नाही. ते १८९८ साली वारले. पण हेडमास्तर म्हणून त्यांची पहिली वर्षं आपल्याच किनाऱ्यावर, रेवदंड्याला गेली. त्यांचं नाव शंकर बाळकृष्ण दीक्षित. भारतीय ज्योतिषशास्त्राचा इतिहास लिहिणारे म्हणून ते सगळ्यांना ठाऊक आहेत. माझी त्यांच्याशी ओळख मात्र एका चुकीमुळे झाली, आणि त्या चुकीचं मूळ आपल्या पाचवीच्या वर्गात आहे. म्हणून तिथूनच सुरुवात करते.

पाचवीत तोंडी हिशेबाच्या तासाला बाई आकडा सांगायच्या आणि आपण पाटीवर लिहून पाटी वर धरायची. बाईंनी एकोणऐंशी सांगितलं. मी ऐंशी ऐकलं, आधी आठ काढला, मग नऊ, आणि ८९ लिहिलेली पाटी ऐटीत वर धरली. वर्ग हसला. माझ्या बाकावर बसणारी मैत्रीण तेवढी हसली नाही. ती मोहल्ल्यातून यायची, सकाळी मदरसा करून मग शाळेत. (या पुस्तकात तिला स्वतःचं नाव नको आहे, पण तुम्ही ओळखालच.) मधल्या सुट्टीत तिने सांगितलं की अरबीत असलं उलटं चालणं नसतं. एकोणऐंशीला तिथे नऊ आणि सत्तर म्हणतात, तिस्आ व सबऊन. मला ते फार न्यायाचं वाटलं. आपल्याकडे ऐंशीपर्यंत जाऊन एक पाऊल मागे यायचं, आणि तिच्याकडे सत्तरवर नुसते नऊ ठेवायचे. तेव्हा दोघींच्याही लक्षात आलं नाही की एरवी दोन्ही भाषा एकाच वाटेने चालतात. बावीस म्हणताना आपण आधी दोन म्हणतो, मग वीस. तीही आधी दोन म्हणते, मग वीस. लिहिताना मात्र आधी दशकाचा आकडा येतो. बोलणं आणि लिहिणं यांची ही उलटापालट ज्याला जमत नाही तो माझ्यासारखा पाटी धरून उभा राहतो.

आता दीक्षित मास्तरांकडे येते. त्यांचा जन्म जुलै १८५३ मध्ये मुरुडला झाला. मुरुड म्हटलं की आपल्याला जंजिऱ्याचंच आठवतं, पण हे ते नव्हे. हे दापोली तालुक्यातलं, हर्णैच्या बाजूचं मुरुड, जिथे पुढे महर्षी कर्वे वाढले. आपल्याकडून निघालं तर श्रीवर्धन, मग बाणकोटची खाडी, आणि खाडीपलीकडे थोडं पुढे. तोच समुद्र, त्याच नारळी-पोफळीच्या वाड्या. घरची परिस्थिती बेताची, गावात मराठी शाळेपलीकडे शिक्षण नाही. अशा मुलाला त्या काळी पुढे जायला एक दार उघडं असायचं, ते म्हणजे शिक्षक होण्याचं. १८७० मध्ये ते पुण्याच्या ट्रेनिंग कॉलेजात दाखल झाले. तिथला अभ्यास करता करता इंग्रजी शिकले आणि १८७४ मध्ये मॅट्रिक झाले. त्यांचं औपचारिक शिक्षण तिथे संपलं. पदवी त्यांनी कधीच घेतली नाही. पुढे ज्यांच्याशी त्यांनी बरोबरीच्या नात्याने काम केलं ते सनदी अधिकारी होते, आणि हे मराठी शाळेचे मास्तर होते. ही गोष्ट मला फार मोठी वाटते.

मॅट्रिकच्याच सुमारास ते रेवदंड्याच्या मराठी शाळेचे हेडमास्तर झाले आणि सहाएक वर्षं तिथे राहिले. रेवदंडा म्हणजे जुन्या चौलचं जोडगाव. चौलला अरब प्रवासी सैमूर म्हणत. दहाव्या शतकाच्या सुरुवातीला अल-मसूदी तिथे येऊन गेला आणि तिथल्या अरब वस्तीविषयी त्याने लिहून ठेवलं. म्हणजे आपल्या या किनाऱ्यावर अरबी मोजणी आणि मराठी मोजणी एकाच बाजारात हजार वर्षांपूर्वीही ऐकू येत असणार. याच बंदरांतून माल गेला, आणि भारतातून निघालेले आकडेही अरबी मुलखात पोचले. नवव्या शतकात बगदादमध्ये अल-ख्वारिझ्मीने भारतीय अंकांनी हिशेब करण्यावर पुस्तक लिहिलं. मी पोटापाण्यासाठी रोज जे लिहिते त्या अल्गोरिदमला त्याच्याच नावावरून नाव मिळालं आहे.

यात एक मौज आहे. आपण डावीकडून उजवीकडे लिहितो, अरबी उजवीकडून डावीकडे. आकड्यांची मांडणी मात्र तिकडे गेल्यावरही तशीच राहिली, एकक उजव्या टोकाला. त्यामुळे अरबी वाचणाऱ्याची नजर ७९ वर आधी नवावर पडते, मग सातावर, आणि त्याच्या तोंडीही तोच क्रम असतो. माझी मैत्रीण पाटीवर का चुकत नव्हती, याचं एक कारण मला हे वाटतं. खरं कारण ती माझ्याहून हुशार होती, हेही असू शकतं.

रेवदंड्याला असतानाच, १८७६ मध्ये, दीक्षितांनी 'विद्यार्थिबुद्धिवर्धिनी' हे मुलांसाठीचं पुस्तक काढलं. पुढे 'सृष्टचमत्कार' आलं. १८८० मध्ये त्यांची बदली ठाण्याला झाली आणि त्यांच्या आयुष्याला वळण लागलं. तेव्हा महाराष्ट्रात पंचांगाचा वाद पेटलेला होता. जुन्या गणिताने काढलेलं ग्रहण आकाशातल्या ग्रहणाशी जुळेना. संक्रांत कधी धरायची, वर्ष कशावरून मोजायचं, यावर विद्वानांत तट पडले होते. केरो लक्ष्मण छत्रे, म्हणजे आपल्या अलिबागजवळच्या नागावचे, एका बाजूने नवं पंचांग मांडत होते. विसाजी रघुनाथ लेले आणि जनार्दन बाळाजी मोडक सायन पंचांगाचा आग्रह धरत होते. दीक्षित या दुसऱ्या मंडळींत सामील झाले. पण नुसता पक्ष घेऊन त्यांचं समाधान झालं नाही. आपले जुने ग्रंथकार नेमकं काय म्हणाले, केव्हा म्हणाले, आणि त्यांचं गणित आकाशाशी किती जुळतं, हे त्यांना मुळापासून बघायचं होतं.

१८८२ मध्ये ते बार्शीच्या इंग्रजी शाळेत गेले आणि सात वर्षं तिथे राहिले. दिवसा शाळा, आणि उरलेला वेळ पोथ्या आणि गणित. दक्षिणा प्राइझ कमिटीने पंचांगाच्या इतिहासावर निबंध मागवला होता. त्यासाठी लिहायला घेतलेला निबंध वाढत वाढत त्यांच्या आयुष्याचा ग्रंथ झाला.

या कामात त्यांची रोज गाठ पडायची ती शब्दांत लपवलेल्या आकड्यांशी. जुने ज्योतिषी श्लोकात लिहीत, आणि श्लोकात आकडे बसत नाहीत म्हणून वस्तूंची नावं घालत. भास्कराचार्यांनी आपला जन्मशक असाच सांगितला आहे: रस, गुण, पूर्ण, मही. रस सहा, गुण तीन, पूर्ण म्हणजे शून्य, मही म्हणजे पृथ्वी, ती एक. शब्द आले त्या क्रमाने लिहिले तर ६३०१ होतील, आणि भास्कराचार्य अजून जन्मायचेच आहेत असं ठरेल. नियम असा की पहिला शब्द एककाचा, मग दशक, मग शतक, आकडे डावीकडे सरकत जायचे. म्हणजे १०३६, इसवी सन १११४. आमच्या व्यवसायात एखाद्या संख्येचं कुठलं टोक आधी पाठवायचं यावरून दोन यंत्रांचं बिनसतं आणि रात्री जागाव्या लागतात. भास्कराचार्यांच्या काळी तो नियम ठरलेला होता.

पण नियम माहीत असूनही चूक होते. नक्कल करणारा चुकतो, दगड झिजतो, वाचणारा घाईत असतो. म्हणून दीक्षितांची पद्धत अशी होती की शब्दांतून आकडा काढायचा आणि मग तो आकाशाला विचारायचा. जुन्या लेखात नुसतं वर्ष नसतं, महिना असतो, तिथी असते, कधी वार असतो, संवत्सराचं नाव असतं. तिथी म्हणजे चंद्र सूर्यापासून किती पुढे गेला त्याचं माप, दर बारा अंशांना एक तिथी. ती गणिताने काढता येते. वार काढायला एका ठरलेल्या क्षणापासून गेलेले दिवस मोजायचे आणि साताने भागायचं. त्या दिवसांच्या संख्येला अहर्गण म्हणतात. माझा संगणकही हेच करतो, फक्त तो १ जानेवारी १९७० पासून मोजतो आणि आपले जुने गणिती कलियुगाच्या आरंभापासून. वर्ष चुकीचं धरलं असेल तर त्या तिथीला तोच वार योगायोगाने जुळण्याची शक्यता साधारण सातात एक. म्हणजे वार हा एका अर्थाने साक्षीदार झाला.

या साक्षीदाराचा सगळ्यात मोठा खटला गुप्त राजांच्या शकाचा. समुद्रगुप्त, चंद्रगुप्त कधी होऊन गेले यावर तेव्हा एकमत नव्हतं. लेखांत गुप्त वर्ष दिलेलं असे, पण ते वर्ष कुठून मोजायचं हे ठरत नव्हतं, आणि अंदाजांत शतकाहून जास्त फरक पडत होता. जॉन फ्लीट हे मुंबई इलाख्यातले सनदी अधिकारी गुप्तांच्या लेखांचं संपादन करत होते. गणितासाठी त्यांनी दीक्षितांची मदत घेतली. सागर जिल्ह्यातल्या एरण इथे बुधगुप्ताच्या काळचा एक स्तंभ आहे. त्यावर वर्ष शब्दांत कोरलंय: शंभर, त्यावर पंचषष्टी. पंचषष्टी म्हणजे आधी पाच, मग साठ, आपल्या पासष्टची आजीच. म्हणजे १६५. महिना आषाढ, शुद्ध द्वादशी, आणि वार देवगुरूचा, म्हणजे गुरुवार. अल-बिरूनीने अकराव्या शतकात भारतावर जो अरबी ग्रंथ लिहिला त्यात गुप्तांचा काल शकाच्या २४१ वर्षांनंतर सुरू होतो असं नोंदवलं होतं. त्या हिशेबाने १६५ म्हणजे शक ४०६, इसवी सन ४८४. दीक्षितांनी गणित केलं. आषाढ शुद्ध द्वादशी आली २१ जून ४८४ ला, आणि त्या दिवशी गुरुवार होता. संस्कृत शिलालेख, अरबी ग्रंथ आणि कोकणातल्या मास्तरांचं गणित, तिन्ही एका दिवसावर येऊन भेटले. फ्लीटचा ग्रंथ १८८८ मध्ये प्रसिद्ध झाला आणि त्याने दीक्षितांचं ऋण त्यात मान्य केलं.

१८८९ मध्ये दीक्षित धुळ्याच्या ट्रेनिंग स्कूलमध्ये गेले, १८९४ मध्ये पुण्याच्या ट्रेनिंग कॉलेजात. एकेकाळी जिथे शिकायला आले तिथेच आता शिकवू लागले. याच काळात मद्रास इलाख्यातले रॉबर्ट स्युएल यांच्याबरोबर त्यांनी 'इंडियन कॅलेंडर' हा इंग्रजी ग्रंथ केला. तो १८९६ मध्ये लंडनला छापला गेला. इसवी सन ३०० पासून १९०० पर्यंतच्या हिंदू आणि मुसलमानी तारखा एकमेकांत बदलण्याची कोष्टकं त्यात आहेत. आणि त्यातच एका छोट्या कलमात मराठ्यांच्या सूर सनाची किंवा शुहूर सनाची हकीकत आहे. माझी आणि मास्तरांची गाठ पडली ती याच कलमात.

शुहूर सन म्हणजे आपल्या जुन्या मोडी कागदांवर डोक्याशी असतो तो अरबी सन. हिजरी वर्ष चांद्र, ३५४ दिवसांचं. ते दरवर्षी अकरा दिवस मागे सरकतं. नमाज-रोज्याला ते ठीक, पण शेतसारा मागणाऱ्याला गैरसोयीचं, कारण पीक चंद्रावर येत नाही. म्हणून १३४४ च्या सुमारास, हिजरी ७४५ चालू असताना, दख्खनेत वर्षाचा आकडा हिजरीचाच ठेवून वर्ष सौर केलं गेलं, आणि त्याचा आरंभ सूर्य मृग नक्षत्रात जातो त्या दिवशी धरला गेला. आपल्याकडे मृग लागला की पेरणी सुरू होते. तसं सरकारचं वर्षही मृगालाच सुरू होई. तेव्हापासून हा सन आणि हिजरी यांची फारकत झाली. शुहूर सनात ५९९ मिळवले की इसवी सन मिळतो, आणि जानेवारीपासून पुढच्या मृगापर्यंतची तारीख असेल तर ६००.

हा सन लिहायचा मात्र अरबी शब्दांत, मोडी लिपीत, मराठी कारकुनाच्या हाताने. एक इहिदे, दोन इसन्ने, तीन सलास, चार अर्बा, पाच खमस, सहा सीत, सात सबा, आठ समान, नऊ तिसा, दहा अशर. मग वीस अशरीन, तीस सलासीन, चाळीस अर्बैन, पन्नास खमसैन, साठ सितैन, सत्तर सबैन, ऐंशी समानीन, नव्वद तिसैन. शंभर मया, दोनशे मयातैन, हजार अलफ. जोडायचे ते एककाकडून वर. जून १६७४ मध्ये महाराजांचा राज्याभिषेक झाला तेव्हाचा सन खमस सबैन व अलफ: पाच, सत्तर आणि हजार, १०७५. जानेवारी १७६१ मध्ये पानिपत झालं तेव्हाचा इहिदे सितैन मया व अलफ: एक, साठ, शंभर आणि हजार, ११६१. श्रीवर्धनच्या भटांच्या घरातून पुण्याला गेलेल्या पेशव्यांच्या दफ्तरात अशा सनाचे कागद ढिगाने आहेत. अरबी व्याकरण आपल्या लोकांनी दररोज वापरलं, ते अरबी आहे याचा विचार न करता.

आता माझी चूक. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आपल्यावरून गेलं ते कुणाला सांगायला नको. आमच्या घराचे कौलं-पत्रे गेले, आगरातल्या पोफळी निम्म्याहून जास्त आडव्या झाल्या, आणि माळ्यावरची ट्रंक भिजली. त्या ट्रंकेत आगराच्या हद्दीचा एक मोडी कागद होता. हे आगर ज्यांनी लावलं त्या पूर्वजांचा तो कागद, असं बाबा आम्हाला लहानपणापासून सांगत आले. येणाऱ्या-जाणाऱ्यालाही सांगत. मी पुण्यात अडकलेली, टाळेबंदी चालू. बाबांनी कागद दोरीवर वाळवले आणि पुतण्याकडून फोटो काढून पाठवले. झाडं गेली, निदान कागदाचा सन तरी लावून दे, एवढंच त्यांचं म्हणणं.

मी शब्दांची यादी मिळवली आणि तासाभरात एक छोटा प्रोग्राम लिहिला. शब्द द्या, तो त्यांची किंमत मिळवून बेरीज करेल आणि इसवी सन सांगेल. कागदावर मया व अलफ स्वच्छ होतं. आधीचे दोन शब्द पाण्याने फुटले होते. पहिल्याचं 'तिस' आणि दुसऱ्याचं 'सब' एवढंच नक्की दिसत होतं. इतकी वर्षं इंग्रजीत काम करून माझ्या डोक्यात दशक आधी आणि एकक नंतर हा क्रम पक्का बसलेला. मी तिसैन सबा वाचलं. नव्वद आणि सात. प्रोग्रामने मुकाट्याने बेरीज केली: ११९७, म्हणजे १७९६-९७. आमच्या कुलवृत्तांताप्रमाणे ते पूर्वज त्याच्या आठ-दहा वर्षं आधीच वारलेले. मी घरच्या ग्रुपवर लिहून टाकलं की कागद त्यांचा असू शकत नाही. बाबांनी काही उत्तर दिलं नाही. नंतर आईकडून कळलं की ते आता आगराची गोष्ट कुणाला सांगत नाहीत.

आठ महिने असे गेले. मग एकदा मैत्रिणीशी फोनवर बोलताना विषय निघाला आणि मी तिला तो सन वाचून दाखवला. ती हसली. (पाचवीत हसली नव्हती, ते तिने तेव्हा वसूल केलं.) अरबीत नव्वद आधी आणि सात नंतर असं कुणी म्हणतच नाही, एवढंच ती म्हणाली. अकरा ते एकोणीस हे जोडशब्द, दोन्ही भाग एकमेकांना चिकटलेले, त्यातही आधी एकक मग दहा. एकवीसपासून नव्व्याण्णवपर्यंत एकक, मग 'व', मग दशक. आपल्या कारकुनांनी मधला 'व' गाळला, पण क्रम सोडला नाही. म्हणजे पहिला शब्द एककच असणार: तिसा. दुसरा दशकच असणार: सबैन. नऊ आणि सत्तर. मी पाचवीत लिहू शकले नव्हते तेच एकोणऐंशी.

मी तिला यादी पाठवली तेव्हा तिने आणखी एक गोष्ट दाखवली. मदरशात ती मोजायची ते वाहिद, सलासा, खम्सा असं. कागदात मात्र इहिदे, सलास, खमस. हे कारकुनांनी मोडतोड केल्यामुळे झालं असेल असं मी धरून चालले होते. तसं नाही. अरबीत वर्षाला जो शब्द आहे तो स्त्रीलिंगी आहे. एकाचं स्त्रीलिंगी रूप इहदा, तेच आपलं इहिदे. आणि तीन ते नऊ या आकड्यांचं लिंग मोजलेल्या वस्तूच्या उलट चालतं. वस्तू स्त्रीलिंगी असेल तर आकडा शेवटचा 'आ' टाकतो. म्हणून सलासाचं सलास झालं आणि खम्साचं खमस. सबऊनचं सबईन का, तर विभक्ती बदलली म्हणून. तिच्या मते एकच ठिकाण ढिलं आहे, अकरा ते एकोणीसला वर्षासाठी नुसतं अशर चालायचं नाही. बाकी व्याकरण शाबूत. अरबी न येणाऱ्या मराठी लेखणीने साडेचारशे वर्षं ते जसंच्या तसं उतरवत नेलं, याचं मला अजून नवल वाटतं.

तिसा सबैन मया व अलफ, ११७९, म्हणजे १७७८-७९. पण एकदा हात पोळलेले. आता नुसत्या व्याकरणावरही मी थांबणार नव्हते. तेव्हा दीक्षित मास्तर आठवले, म्हणजे त्यांचं पुस्तक उघडलं. शब्दांतून आकडा काढा, मग दुसऱ्या साक्षीदाराला विचारा. कागदावर वार नव्हता, पण सनाच्या खालच्या ओळीत संवत्सराच्या नावाची पहिली दोन अक्षरं वाचली होती: विलं. साठ संवत्सरांत असा एकच, विलंबी. शके १७०० ला विलंबी संवत्सर होता आणि १७७८ चा कार्तिक त्याच शकात येतो. मी आधी धरलेल्या वर्षी, शके १७१८ ला, नल संवत्सर होता. ही ओळ माझ्या पहिल्या फोटोतही होती. मी बघितली नव्हती, कारण प्रोग्रामला ती लागत नव्हती.

बाबांना फोन केला. चूक माझी होती हे सांगितलं, कुठे झाली तेही सांगितलं. ते बराच वेळ गप्प होते. मग त्यांनी कोणता शब्द कोणत्या आकड्याचा ते परत विचारलं आणि लिहून घेतलं. आता घरी येणाऱ्या प्रत्येकाला ते आगराची गोष्ट सांगतात, आणि आधी तिसा, सबैन, मया, अलफ म्हणायला लावतात. प्रोग्राम मी दुरुस्त केला. आता एककाच्या जागी दशक आलं तर तो बेरीज करायला नकार देतो, आणि उत्तराशेजारी संवत्सराचं नाव देऊन कागदाशी ताडून पाहायला सांगतो.

दीक्षितांच्या आयुष्याचं उरलेलं थोडंच आहे. १८९२ मध्ये त्यांचं 'ज्योतिर्विलास' आलं, आकाश बघायला शिकवणारं, आजही हातात धरलं तर खाली ठेवावंसं वाटत नाही असं मराठी. १८९५ मध्ये शतपथ ब्राह्मणातल्या, कृत्तिका पूर्वेला ठीक उगवतात या उल्लेखावरून त्यांनी गणित करून तो काळ इसवी सनापूर्वी ३००० च्या आसपासचा ठरवला. हा निष्कर्ष पुढे कुणाला पटला, कुणाला नाही. पण वाक्य वाचून आकाशात जाऊन बघायचं, ही रीत तीच. १८९६ मध्ये 'भारतीय ज्योतिषशास्त्र' छापून निघालं, वेदकाळापासून स्वतःच्या काळापर्यंतचा इतिहास, तोही मराठीत. पुढे त्याचं हिंदी भाषांतर झालं, आणि इंग्रजी भाषांतर भारत सरकारने छापलं. तो ग्रंथ आल्यावर दोन वर्षांतच, एप्रिल १८९८ मध्ये, पुण्यात दीक्षित गेले. वयाची पंचेचाळिशीही पुरी नव्हती. मी आता त्यांच्या त्या वयाच्या पुढे आले आहे.

२०१९ मध्ये दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात एकवीसच्या जोडीला वीस एक असं म्हणायची सोय केली तेव्हा महाराष्ट्रभर वाद झाला. पाटीवर ८९ लिहिणारी मुलगी मी होते, त्यामुळे ज्या मुलांना ते सोपं जाईल त्यांच्याविषयी मला ममता आहे. त्यांनी तसं शिकावं. पण कुणीतरी तिसा सबैनही वाचता आलं पाहिजे, नाहीतर माळ्यावरच्या ट्रंका नुसत्या वजनाला उरतील.

तर मित्रमैत्रिणींनो, मेळाव्याला येताना आपापल्या घरचे कागद पाहून या. दिवेआगर, वेळास, दिघी, वडवली, कुठलेही. मूळ कागद आणू नका, फोटो आणा. फोटो पूर्ण काढा, खालच्या ओळीसकट. मी संगणक घेऊन बसते आणि मैत्रीण व्याकरण बघायला शेजारी बसायला तयार आहे. पाचवीचा बाक अजून असेल तर तोच द्या. आणि आमच्या बाई येणार असतील तर त्यांना सांगा, मला आता एकोणऐंशी लिहिता येतं.